भिकाजीची जागा

"हे कुणी लिवलान?"

दमयंतीने मानपत्रावर बोट ठेवलं, तसा मांडवातला गलका थांबला. शहाऐंशी साल होतं. भाट्याला जाळ्यांच्या कारखान्याच्या कबड्डी संघाचा समारंभ चालला होता. तिचा नवरा भिकाजी कीर, ज्याला कारखान्याने खेळण्यासाठीच नोकरीवर घेतलं होतं, तो चौदा वर्षांनी आज मैदान सोडत होता. आणि मानपत्रावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'राखीव खेळाडू श्री. भिकाजी कीर यांस.'

"मी लिवलंय, वैनी," संघाचे सचिव आप्पा म्हणाले. "काय चुकलं?"

"राखीव? चौदा वर्षं ह्यांनी बाहेर बसून शेंगा खाल्ल्यानी काय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"तसं नव्हे हो. बाबल्या डाव्या कोपऱ्यात, शिवा चढाईला. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे जागा लिवायला लागते. ह्याची जागा रोज वेगळी. काय लिवणार? मग सातांच्या खाली आठवा म्हणून लिवत गेलो."

दमयंतीला एकेक सामना आठवू लागला. बाबल्याचा खांदा निखळला तेव्हा दोन हंगाम डावा कोपरा कुणी सांभाळला? शिवा तापाने फणफणला होता, तेव्हा खेडच्या सामन्यात एकट्याने चढाया कुणी केल्या? कोपऱ्याने त्याची करंगळी वाकडी केली, चढाईने गुडघा कायमचा अधू केला. त्या गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप तिने लावला होता, आप्पांच्या वहीने नव्हे. एकच काम येणाऱ्याला नाव, आणि सगळी कामं येणारा मेला बिननावाचा!

"बाबल्या भावजी, तुम्ही बोला की!"

बाबल्या चपलेच्या अंगठ्याशी चाळा करीत राहिला. "वैनींचं खरं हाय, आप्पा. कोपरा माझ्यापेक्षा तोच बरा धरायचा."

"मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतंत?"

"विचारलं नाय कुणी."

आप्पांनी खिशातलं शाईचं पेन काढलं. "घ्या, वैनी, खोडा. तुम्ही सांगाल ते लिवू."

चौथीपर्यंत शिकलेल्या दमयंतीने 'राखीव' हा शब्द दोनदा, दाबून खोडला. मग तिचा हात अडला. ती खुर्चीतल्या नवऱ्याकडे वळली.

"अहो, सांगा. जागा कोणची तुमची?"

भिकाजीने दुखरा पाय लांब केला. त्याने मैदानाकडे पाहिलं.

"जी मोकळी असंल ती," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. खोडलेल्या शब्दाच्या जागी काहीच न लिहिता दमयंतीने पेनाला टोपण लावलं आणि ते आप्पांच्या हातात दिलं.

मानपत्रावरची शाई अजून ओली होती. ती ओघळू नये म्हणून भिकाजी ते दोन्ही हातांवर आडवं धरून, पाय ओढत घराकडे चालू लागला.