महाराज सिनेमाला आले

"तिकीट?" तिप्पण्णानं दारात हात आडवा धरला.

महाराजांच्या मागची भक्तमंडळी थिजली. थिएटरचे मालक धावत आले. "डोळे फुटले काय रे? महाराज हायत की! सोड आत."

तिप्पण्णानं हात काढला. दहा वर्षं तो सोलापुरातल्या या थिएटरच्या दारावर उभा होता. सिनेमा राजवाड्यातल्या एका लबाड बाबाचा होता. आजारी राजपुत्राच्या कपाळावर हात ठेवून तो राणीला मुठीत घेतो, शेवटी उघडा पडून मार खातो. खुर्चीत ऐसपैस पसरलेल्या महाराजांची तेलकट दाढी, जाड बोटांतल्या अंगठ्या बघून तिप्पण्णाला वाटलं, पडद्यावरच्याला निदान अभिनय तरी येतो.

दुष्काळाच्या साली खुर्चीतल्या याच माणसानं त्याच्या बायकोची, रुद्राणीची, क्षयाची इंजेक्शनं बंद करून अंगारा सुरू करायला लावला होता. चार महिन्यांत ती गेली.

पडद्यावर बाबाला फटके बसले तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या महाराजांनीच वाजवल्या. "असल्या ढोंग्यांना असंच पायजे!" भक्तांनी माना डोलावल्या.

बाहेर पडताना महाराजांनी तिप्पण्णाच्या खांद्यावर हात टाकला. "काय रे, बायको बरी हाय न्हवं?"

"मेली."

"सुटली," महाराज म्हणाले आणि मोटारीकडं चालू लागले. मागून कुणीतरी "वा!" केलं.

पायऱ्यांवर वळसंगहून आलेली एक म्हातारी बसली होती. शेजारी सून पदरात तोंड घालून खोकत होती. पदरावर लाल ठिपके होते.

"महाराज हितं आल्यात म्हनं," म्हातारी म्हणाली. "सुनंला अंगारा पायजे हुता."

"दवाखान्यात दावलं न्हाय?"

"दावलं की. नुसत्या सुया टोचत्यात. लई दिस झालं."

"अव्वा, त्यो चोर हाय. माज्या बायकोला त्येचाच अंगारा दिल्ता. आता न्हाय ती."

म्हातारी मोटारीकडं बघत राहिली. सून मात्र उठली.

तीनच्या खेळाची घंटा झाली. "तिप्पण्णा! दारावर कोण?" मालक ओरडले. तिप्पण्णा त्या दोघींना घेऊन रस्त्याला लागला होता.

दवाखान्याच्या बाकावर तो थिएटरच्या खाकी कोटातच बसला.

"बायकोला हितंच आनत हुतास?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय."

"मग अंगारा कुनी आनला?"

"मीच," तो म्हणाला. "ती नगं म्हनत हुती."

आतून "जगदेवी!" अशी सुनेच्या नावाची हाक आली. ती उठून आत गेली. तिप्पण्णा बाकावरच्या तिच्या रिकाम्या जागेकडं बघत बसून राहिला.