सारजाबाईंची रॅलीची गाडी

मी एक जुनी, चार दारांची, पांढरी मोटार आहे. सोयगावच्या सारजाबाईंनी मला हळदीकुंकू लावून घरात घेतलं, तेव्हा बाजाराला आणि देवाला जाणं एवढंच माझं काम होतं. मागच्या सीटवर त्या ऐसपैस मांडी घालून बसत.

पुढं त्यांच्या लेकाला, बद्रीनाथला, रॅलीचं, म्हणजे मोटारींच्या शर्यतीचं वेड लागलं. हौसेला मोल नसतं, मित्रांनो. शहागंजच्या गॅरेजात माझी मागची सीट काढली, उलटले तरी चेपू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, सायलेन्सर बदलला. मी अशी डरकाळ्या फोडायला लागले की आत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. म्हणून शेजारी बसून रस्ता दाखवणाऱ्या लक्ष्मणशी खूण ठरली. पंजा वर केला की रस्ता मोकळा, दाब.

खुलताबादच्या कच्च्या रस्त्यांवर आम्ही भल्याभल्यांना धूळ चारली. बॉनेटवर हार पडले. मी जरा शेफारलेही.

एका दुपारी सारजाबाईंच्या छातीत कळ आली. गावातली जीप वऱ्हाड घेऊन गेलेली. बद्रीनाथनं त्यांना पाइपांच्या मधे गोधडीवर निजवलं. लक्ष्मण पुढं बसला.

"माय, दम धर. आत्ता पोचवतो तुला."

अजिंठ्याच्या घाटात त्या म्हणाल्या, "बद्री, थांब रं. पाणी दे."

मी ऐकलं. त्याला ऐकू गेलं नाही, कारण आवाज माझाच होता. मग त्यांनी कसाबसा हात वर केला. बद्रीनाथला आरशात पंजा दिसला.

"माय चल म्हणती!" तो ओरडला, आणि सवयीनं त्याच्या पायानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

मला बंद पडायचं होतं. जीव तोडून बंद पडायचं होतं. एरवी ऐन वेळी रुसणारी मी, त्या दिवशी एकदाही अडखळले नाही.

शहरात दवाखान्याच्या दारात आम्ही थांबलो. डॉक्टर म्हणाले, "वाटेतच गेल्या."

आता मी शेडमध्ये उभी आहे. टायर बसलेत, गंज चढलाय. बद्रीनाथ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "मायनं हात वर केला व्हता. चल म्हणत व्हती मला." तेवढ्यावरच तो दिवस काढतो आहे.

मित्रांनो, कुणाला घेऊन निघालात तर वाटेत थांबा, मागं वळून त्याला काय हवं ते विचारा. आणि कधी सोयगावला आलात, तर यातलं काही बद्रीनाथला सांगू नका.