दुकान मायला द्यावं

मी एका मृत्युपत्राचा कागद बोलतोय. मला पाहून मनिषाचा आधी विरसच झाला होता. बेंगळुरूला पाच वर्षं कायदा शिकताना तिनं पाहिलेली मृत्युपत्रं जाड पांढऱ्या कागदावरची, टाइप केलेली, पानापानावर सही असलेली. वडील गेल्यावर तिला वाटलं होतं, बाबांनी लिहून ठेवलं असलंच तर तसलं काहीतरी घरच्या लोखंडी कपाटात निघेल. मी निघालो हदगावच्या दुकानात, वार्निशच्या रिकाम्या डब्यात. दोनशेपानी वहीचं फाडलेलं पान, आणि कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा.

तो अंगठा तिच्या वडिलांचा, केरबांचा. जळालेल्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. विहिरीवरची, बोअरमधली, पिठाच्या गिरणीतली मोटार जळाली की लोक ती टेम्पोत घालून आणत. केरबा जळकी तार उपसून काढत, नवी तांब्याची तार भरत आणि कुठल्या मोटारीत किती फेरे, कोणत्या जाडीची तार, ते खिळ्याला टांगलेल्या वहीत टिपून ठेवत. त्या वहीतला मी. माझ्या पाठीवरही अशीच एक नोंद आहे. तिच्याकडे पुढे बरेच दिवस कुणाचं लक्षच गेलं नाही.

दुकानात केरबांच्या जोडीला सरजाबाई होती. नात्याची नव्हे. नवऱ्यानं टाकल्यावर देवणीकडून हदगावला मावशीकडे आलेली. झाडलोटीला म्हणून आली आणि दोन वर्षांत तार भरायला शिकली. गिऱ्हाईक बिचकायचं.

"ही भरणार माझी मोटार?"

"न्हाई, तुम्हीच भरा," केरबा म्हणायचे. "ती तवर च्या पिईल."

चार वर्षांपूर्वी केरबांच्या छातीत दुखायला लागलं आणि नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी वहीत कोरं पान शोधलं. पूर्ण कोरं एकही नव्हतं. एका बाजूनं कोरा मी होतो, म्हणून मला फाडलं. टेस्टरनं वायर तपासावी तसा एकेक शब्द तपासत त्यांनी लिहिलं:

'मी केरबा शुद्धीवर असून लिहितो. राहतं घर नागसेन आन मनिषाला निम्मं निम्मं. दुकान जागेसकट मायला द्यावं. दुकान बंद पाडू नये. भांडू नये.'

खाली सही केली. शेजारच्या दुकानात गाद्या भरणारे गुलाम रसूलचाचा आणि पोस्टमन व्यंकटी यांना बोलावून त्यांच्यादेखत साक्षीच्या सह्या घेतल्या. मग मला चार घड्या घालून डब्यात ठेवलं.

ऑपरेशन छान झालं. केरबा आणखी चार वर्षं जगले आणि मला विसरून गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मृत्युपत्राला विसरून जगणारा माणूस पाहायला मला आवडतं. डब्याच्या आतून मी त्यांचं खोकणं, चिडवणं, रेडिओ लावणं ऐकत राहिलो. यंदा माघात एका दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

जलदानविधी झाल्यावर मनिषा आणि तिचा मोठा भाऊ नागसेन दुकान आवरायला आले. नागसेन चाकणला कारखान्यात आहे. त्यानंच डबा उघडला आणि मोठ्यानं वाचलं, "दुकान जागेसकट मायला..." आणि थांबला. दोघांना हसू आलं. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी दोघं हसली.

"बाबा जाता जाता शिवी देऊन गेले की काय?" नागसेन म्हणाला. "अगं, पण माय कोण? आजीला जाऊन तर वीस वर्षं झाली, आई तर त्याही आधी गेली."

गुलाम रसूलचाचा दारातच उभे होते. "सही मी केली, पण वाचलं न्हाई. दुसऱ्याचा कागद वाचू नये. आन माय म्हणाल तर केरबा सगळ्यांनाच माय म्हणायचा. माझ्या बेगमलाबी. पण लेकीला जरा जास्तच. 'आली का माय शाळेतून', हे मी रोज ऐकलंय."

नागसेननं मला बहिणीच्या हातात दिलं. "मग झालं की. तुझंच आहे, घे."

मनिषाचं मन भरून आलं. त्याच क्षणी तिला या जागेत काय करायचं ते दिसलं. कागद न केल्यामुळं माणूस गेल्यावर बायका रस्त्यावर येतात, हे पाहून ती मोठ्या शहरातली नोकरी सोडून परत आली होती. आता नांदेडच्या कोर्टात मुज्तबा वकिलांच्या हाताखाली काम करत होती. या दुकानात ती कायदा मदत केंद्र काढणार होती. मृत्युपत्र कसं करावं, वारसनोंद कशी लावावी, सगळं फुकट. तिनं पाटीचा रंगसुद्धा ठरवला. निळा.

सरजाबाई मागं बसून तार गुंडाळत होती. मनिषा तिला म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. केंद्रात झाडायला, चहापाण्याला कुणीतरी लागेलच."

सरजाबाईनं तारेचा गुंडा खाली ठेवला. "लई चांगलं," ती म्हणाली. "पर नांदेडला एका दुकानवाल्याला विचारून ठेवलंय मी. बघते."

मी तिथंच होतो. मला ओरडावंसं वाटलं, पण कागदाला वाचल्याशिवाय आवाज नसतो.

दुसऱ्या आठवड्यात मनिषा मला पारदर्शक पाकिटात घालून नांदेडला घेऊन गेली. पाकिटात माझी झेरॉक्सही होती, एकाच बाजूची, माझ्या पाठीला चिकटून. मुज्तबा वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला दोनदा वाचलं.

"बघ बेटा, आपल्याकडं प्रोबेट घेतलंच पाहिजे असं न्हाई. पण ह्या एका शब्दावर उद्या कुणीबी बोट ठेवील. तवा कोर्टाकडून कागद खरा करून घेऊ. सोमवारी अर्ज टाकू."

"शब्दाचा अर्थ लागेल ना, सर?"

"लागतो. डिक्शनरी बघत न्हाईत. लिहिणाऱ्याच्या तोंडी तो शब्द कुणासाठी होता, तेच बघतात. साक्षीदार तुझ्या बाजूनं आहेत, भाऊ कबूल आहे. तू शपथेवर सांग, मी म्हणजे माय. संपलं." मग त्यांनी चष्मा खाली ओढला. "फक्त एक खटकतं. वर 'मनिषा' लिहिलंय, खाली 'माय'. एकाच कागदात एकाच लेकीला दोन नावं कशाला?"

"लाडानं लिहिलं असेल."

"असंल," मुज्तबा वकील म्हणाले. "तुझे अब्बा. तुलाच ठाऊक."

परतीच्या एसटीत ते वाक्य तिच्यासोबत बसलं. वारंगा फाट्यावर गाडी थांबली, लोक खिचडी खायला उतरले. मनिषा उतरली नाही. बाबांचं अक्षर पुन्हा नीट पाहावं म्हणून तिनं मला पाकिटातून बाहेर काढलं. झेरॉक्स सुटून खाली पडली. ती उचलताना मी उलटा झालो आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी पाठ वाचली.

'बोअरची मोटार ५ एचपी, बरडशेवाळा. तार २० गेज. सगळं वाइंडिंग मायनं केलं. पहिली मोटार. मी हात लावला न्हाई.'

खाली तारीख होती. ती तारीख मनिषाच्या बेंगळुरूच्या दुसऱ्या वर्षातली. तेव्हा ती हदगावात नव्हती, आणि तिनं जन्मात मोटार भरली नव्हती.

तिनं मला पुन्हा उलटं केलं, पुन्हा सुलटं. तिचा अंगठा नेमका केरबांच्या अंगठ्यावर आला होता. वाईट तिला दुकानाचं वाटलं नाही, शब्दाचं वाटलं. तिचा शब्द बाबांनी ती नसताना दुसरीला दिला होता. ही बाजू तिच्याखेरीज कुणी पाहिलेली नव्हती. ती गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं, आणि निळी पाटी लागली असती. हदगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

सकाळी चहाआधी तिनं नागसेनला फोन लावला आणि माझी पाठ वाचून दाखवली. तो म्हणाला, "दवाखान्यात बाबांना डबा कोण न्यायचं गं? मी नाही, तू नाही. सरजाबाईच. जे खरं आहे ते लिही."

ती दुकानात गेली तेव्हा सरजाबाई आपली पक्कड आणि नट खोलायचे दोन पाने पिशवीत भरत होती. मनिषा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि पेन काढलं.

"सरजाबाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कामून?"

"कोर्टात द्यायचंय. बाबा माय कुणाला म्हणायचे, ते मी शपथेवर सांगणार आहे." आणि तिनं मला उलटं करून तिच्या हातात दिलं.

सरजाबाईनं अक्षर लावत लावत मला वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीवर बोट नेलं.

"ही बरडशेवाळ्याची," ती म्हणाली. "अजून चालू हाय."

"नाव सांगा ना."

"नवऱ्याचं लावू का बापाचं?"

"तुमचं नाव आहे. तुम्हीच ठरवा."

"मंग बापाचं लाव. सरजाबाई मलप्पा."

मनिषानं ते वहीत लिहिलं. मदत केंद्राला जागा लागतेच असं नाही, टेबल लागतं, आणि टेबल कुठंही मांडता येतं, हेही तिचं त्याच सकाळी ठरलं. सोमवारी मी कोर्टाच्या फायलीत जाईन आणि तिथंच राहीन. जागा कोरडी असते म्हणतात. जाण्याआधी एवढंच सांगतो, माझ्यासारखा कागद तुम्हीही लिहा. त्यात लाडाचं नाव जरूर घाला, पण शेजारी पूर्ण नावही लिहा. आणि घरात असा कागद सापडला तर तो उलटून बघा.

सरजाबाईनं पिशवीतली पक्कड काढून परत खिळ्याला अडकवली. जमिनीवरून उठू लागलेल्या मनिषाला तिनं हातानं खाली बसवलं.

"बस माय," ती म्हणाली. "च्या सांगते."