दार उघडायची परवानगी

रोज सकाळी शटर वर जायच्या आत मास्टरच्या फोनवर एखादा नवा नियम येऊन पडलेला असे. कधी परिपत्रक, कधी अधिसूचना, कधी शुद्धिपत्रक, म्हणजे आधीच्या चुकीची नवी चूक! मास्टर पहिल्या दोन ओळी वाचायचा, तिसऱ्या ओळीत त्याला धाप लागायची आणि चौथीत तो फोन गल्ल्याशेजारी पालथा घालायचा.

"काय लिहितात, कोणासाठी लिहितात, देव जाणे!" तो बायकोला म्हणायचा. "सदर, उपरोक्त, नजीकच्या, अवगत… अगं, एवढ्यात माझी दोन कुलपं उघडून होतात."

"मग विचारावं कुणाला तरी," बायको म्हणायची.

"कुणाला विचारू? सगळे माझ्यासारखेच आंधळे. दगडाला विचारा, वाळूला विचारा!"

मास्टर हा चावीवाला. चौकातल्या अरुंद दुकानात कोऱ्या किल्ल्यांचे घोस लोंबत असत आणि वारा आला की दुकान आपोआप गुणगुणायचं. हाताची बोटं अशी की कुलपाच्या पोटातलं गुपित तारेच्या टोकाला कळायचं. म्हणूनच लोक त्याला मास्टर म्हणत. पण महिन्याभरापूर्वी कुलूपवाल्यांसाठी काहीतरी नवा नियम निघाला आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या एका चावीवाल्याच्या दुकानाला सील लागलं. त्यामागोमाग चावीवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांचा निरोप आला: 'मालकीचा कागद दाखवल्याशिवाय कुणाच्याही कुलपाला हात लावू नका. लावलात तर परवाना गेला म्हणून समजा!'

तेव्हापासून मास्टरने सरळ वाट धरली. कागद नाही? मग नाही. रडा, भांडा, शिव्या द्या, नाही म्हणजे नाही. न कळणाऱ्या नियमापुढे 'नाही' हा शब्द फार सोयीचा असतो, मंडळी! तो आपण सगळेच वापरतो.

त्या दिवशी समोरच्या इमारतीतली सूनबाई अनवाणी धावत आली.

"मास्टर, चला लवकर! कचरा टाकायला बाहेर आले आणि वाऱ्यानं दार आपटलं. लॅच लागलं. किल्ली आत, फोन आत, आई आत! त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे. आणि गॅसवर दूध ठेवलंय!"

मास्टरने हत्यारांची पिशवी उचलली. पाय सवयीने निघाले. मन मात्र पाठीमागून पदर ओढत होतं.

तिसऱ्या मजल्यावर शेजारी जमले होते. लोखंडी सेफ्टी डोअरला खांदा मारून एकाने स्वतःचाच खांदा धरला होता. अग्निशमनवाल्यांना फोन झाला होता. ते निघाले होते आणि रस्त्यात अडकलेही होते.

"घराचा काही कागद?" मास्टरने विचारलं.

सूनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "कागद? आतल्या कपाटात!"

"मग मला हात लावता येणार नाही, ताई. नवा नियम आहे."

"अहो, रोज समोरून ओळखता ना मला? आमच्या बाथरूमची कडी तुम्हीच बसवलीत!"

"ओळख म्हणजे पुरावा नव्हे."

आतून खणखणीत आवाज आला. "कोण तो? मास्टर का?"

ती सिस्टर. सूनबाईची सासू. सरकारी दवाखान्यात जन्मभर परिचारिका होती. निवृत्त झाली तरी सगळी इमारत तिला सिस्टरच म्हणायची. घसरून पाय मोडल्यापासून तिची खाट बाहेरच्या खोलीत दाराजवळच होती, पण उभं राहिल्याशिवाय उंचावरच्या लॅचला तिचा हात पोचत नव्हता.

"हो सिस्टर. पण माझा नाइलाज आहे. कागद पाहिजे."

"कागद आत, मी आत, दूध आत! बाहेर आहे फक्त तुझी भीती. तिच्यावर शिक्का मारून देऊ का?"

जिन्यात कोणीतरी हसलं. मास्टरची कानशिलं तापली.

"हसायला काय जातंय तुमचं? परवाना माझा जाईल! घरात खाणारी तोंडं आहेत. नियम मी केला का?"

"बरं बाबा, नियम काय म्हणतो? वाचून दाखव."

मास्टर पिशवीतली हत्यारं चाळू लागला.

"वाचलायस ना?"

"अध्यक्षांनी वाचलाय."

"मग लाव त्यांना फोन. दूध अजून वर आलेलं नाही. मला दिसतंय इथून."

मास्टरने फोन लावला. अध्यक्षांचा आवाज सगळ्या जिन्याला ऐकू गेला. "अरे, मी कुठं वाचलाय? मला पुढून आलं, मी मागे ढकललं. एवढं लांबलचक कोण वाचतं? तू आपला लांब राहा, बस!" आणि फोन बंद.

मास्टरला पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटली. महिनाभर तो ज्या भिंतीला टेकून उभा होता, ती भिंत नव्हतीच. एकाने दुसऱ्याच्या कानात फुंकलेला वारा होता सगळा!

"ऐकलं मी," सिस्टर आतून म्हणाली. तिचा आवाज जरा बसला होता. "आता मूळ कागद काढ आणि मोठ्यानं वाच. आणि घाई कर, दूध चढायला लागलंय."

मास्टर वाचू लागला. "सदर अधिसूचनेच्या दिनांकापासून कोणत्याही कुलूप-किल्ली व्यावसायिकाने, संबंधित जागेच्या मालकीबाबत अथवा वहिवाटीबाबत समाधानकारक पुराव्याची पडताळणी केल्याखेरीज, परिच्छेद चारमध्ये नमूद परिस्थिती वगळता…"

"थांब! काय वगळता?"

"परिच्छेद चार."

"मग चार काढ ना! औषधाच्या अर्ध्या चिठ्ठीवर रोगी बरा होतो का?"

मास्टरचा अंगठा फोनवरून घसरू लागला. परिच्छेद एक. व्याख्या. परिच्छेद दोन. पुन्हा व्याख्या. दाराखालून करपलेल्या दुधाचा वास आला, मग धूर. आत खाट करकरली. काहीतरी जड फरशीवरून घासत गेलं.

"आई, उतरू नका! आई!" सूनबाई दार बडवू लागली.

आत भांडं कोसळलं. एक किंकाळी आली आणि मग काहीच नाही.

त्या 'काहीच नाही'ने मास्टरच्या काळजाचं पाणी झालं. त्याने फोन सूनबाईच्या हातात कोंबला.

"तुम्ही वाचा, ताई! परवाना जाऊ दे नाहीतर राहू दे!"

तो गुडघ्यांवर बसला. तार कुलपात शिरली. बोटांना आपलं काम ठाऊक होतं. वर सूनबाई रडत रडत वाचत होती, "…जीवितास तात्काळ धोका संभवत असल्यास उपरोक्त पूर्वअट लागू राहणार नाही. तथापि दोन स्थानिक रहिवाशांच्या समक्ष कुलूप उघडून, नजीकच्या पोलीस ठाण्यास चोवीस तासांच्या आत अवगत करणे…"

खट्!

दार उघडलं. धूर अंगावर आला.

सिस्टर स्वयंपाकघरात ओट्याशी पडली होती, प्लास्टरचा पाय मागे फरफटलेला. एका हाताने तिने गॅसचं बटण बंद केलं होतं. दुसऱ्या हाताचा तळवा उतू गेलेल्या दुधाने भाजून लाल झाला होता. डोळे मात्र उघडे होते.

"गार पाणी," ती म्हणाली. "बर्फ नको. आणि रडू नकोस गं, सगळं ऐकलं मी." मग मास्टरकडे वळून, "मिळाला ना परिच्छेद चार?"

मास्टर तोंड झाकून मटकन खाली बसला. "सिस्टर, मी नियम पाळत होतो हो."

"नाही रे बाळा. नियम तुला माहीतच नव्हता. तू भीती पाळत होतास."

सूनबाई तिच्या तळव्यावर पाण्याची धार धरून होती. सिस्टर कण्हत होती आणि बोलतही होती. गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"डॉक्टर कागदावर काय काय खरडायचे! मी खाटेपाशी बसून सांगायची, ही पांढरी गोळी जेवल्यावर, ही पिवळी झोपताना आणि चक्कर आली तर दोन्ही बंद, मला हाक मार. ते शेवटचं सांगितलं नाही, तर औषधाचं विष होतं. नियमाचंही तसंच. काय करायचं एवढंच नाही, ते कधी करायचं नाही हेही कळलं पाहिजे."

"पण ते लिहितातच असं! आम्ही काय करायचं?" मास्टरचा सगळा वैताग त्या प्रश्नात उतरला.

"विचारायचं! कळलं नाही म्हणायला लाज कसली? लिहिणाऱ्याला मी सोडणार नाही. पण न वाचता पुढे ढकलणाऱ्यालाही सोडणार नाही!"

त्याच दुपारी मास्टर दोन शेजाऱ्यांना घेऊन पोलीस चौकीत गेला आणि घडलं ते सांगून आला. कोणी परवाना मागितला नाही, कोणी ओरडलं नाही. नोंद झाली, चहा मिळाला. महिनाभर ज्याच्या नुसत्या कल्पनेने झोप उडाली होती, ते काम एवढंसं होतं!

सिस्टरला चाकाच्या खुर्चीत बसता येऊ लागलं, तेव्हा मास्टर तिला घेऊन नियम निघाला त्या कार्यालयात गेला. बरोबर चार-पाच चावीवाले होते आणि मान खाली घातलेले अध्यक्षही. या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवणं झालं, 'साहेब जेवायला गेलेत' झालं, 'उद्या या' झालं. सिस्टर हलली नाही. शेवटी साहेब आले. तिने पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला आणि सगळी हकिगत सांगितली.

साहेब अवघडले. "पण आजी, नियमात सवलत स्पष्ट दिलेली आहे."

"दिली आहे, दिसत नाही." मास्टर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखाद्या साहेबापुढे ताठ उभा होता. "साहेब, हाच नियम घरी आईला सांगायचा असता, तर कसा सांगितला असता?"

साहेबांनी चष्मा काढला. जरा विचार केला. "सांगितलं असतं की… कुणाचंही कुलूप कागद बघितल्याशिवाय उघडू नका. आत कोणी अडकलं असेल, जिवाला धोका असेल, तर कागदासाठी थांबू नका. दोन शेजारी समोर ठेवून उघडा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोलिसांना कळवा."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "अहो, हे तर मलासुद्धा कळलं!"

"मग हेच लिहा ना, साहेब!" मास्टर कळवळून म्हणाला.

"असं लिहिलं तर त्याला सरकारी कागद कोण म्हणेल?"

"ज्याला कळेल तो म्हणेल," सिस्टर म्हणाली.

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला आणि आईला सांगावं तसं लिहायला घेतलं. खिडकीपाशी रांगेत उभी असलेली माणसंही माना उंचावून बघू लागली. त्यांच्याही हातांत न कळलेले कागद होते.

बंधूंनो, भगिनींनो, नियम मोडणारा घातक असतो, हे आपण शाळेत शिकलो. पण न वाचता, न विचारता, नुसत्या धाकाने नियम पाळणाराही तितकाच घातक असतो. नियम माणसाला राखायला असतो. तो सोप्या बोलीत मागून घेणं हा आपला हक्क आहे आणि शेवटच्या ओळीपर्यंत समजून घेणं हे आपलं कर्तव्य. जे कळलं नाही ते पुढे ढकलू नका. थांबा आणि विचारा. आपल्या एका 'नाही'च्या पलीकडे, बंद दाराआड, कुणीतरी आपली वाट बघत असतं.