माकडघरातला रामेश्वर

रुक्मिणीबाईंनी नातवाला मांडीवर पालथं घातलं, अंगडं वर सरकवलं आणि पाठीवरून बोट फिरवलं. पाठीवर बारीक, मऊ लव होती.

"बघ," त्या आपल्या लेकीला, सुंदरबाईला म्हणाल्या.

"माय, लव तं समद्याच लेकरायला असती. माझ्या तिघायला व्हती. तूच पिठाच्या गोळ्यानं काढलीस."

"तुझी तिघं हितं झाली. माझ्या डोळ्यादेखत."

खरं दुखणं तिथे होतं. सुंदरबाईचा धाकटा भाऊ रामेश्वर शहरातल्या एका संशोधन संस्थेत माकडं सांभाळायचा. पिंजरे धुवायचे, चणे-केळी घालायची, डॉक्टर सुई टोचेपर्यंत माकडाला धरून ठेवायचं, एवढंच काम. पण बोलायची भारी हौस. सुट्टीला गावी, दिंद्रुडला आला की नव्या एसटीडी बूथच्या बाकावर बसून असा बोलायचा, जणू सगळी संस्था हाच चालवतो. गेल्या वर्षी त्याने सांगितलं होतं, "एका माकडीचं बीज काचंत फळवलं, गोठवून ठिवलं, अन् मंग दुसरीच्याच पोटात सोडलं. पिल्लू झालं ना बे. तिनं छातीला धरलं ते सोडंच ना."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, त्याच्या बायकोला, मनिषाला दिवस गेले. आपसूक गेले. पण रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही आणि तलवाड्याला माहेरी व्हायचं पहिलं बाळंतपण शहरातच झालं. बस्स, गावाला संशय घ्यायला एवढं पुरे होतं. आज बारशाला आलेल्या शेजारच्या सावित्रीबाईंनी तर बाळाचे पाय चाचपून पाहिले, गार आहेत का म्हणून.

अंगणात बायका जमल्या होत्या, पाळणा बांधून झाला होता. रुक्मिणीबाईंनी लेकाला आणि सुनेला आतल्या खोलीत बोलावलं.

"तितं एकीचं दुसरीच्या पोटात ठिवत्यात म्हणलास. मंग हिच्या पोटात कुनाचं ठिवलं?"

"माय, ते माकडायचं हाय. ह्यो पोरगा माझा हाय."

"मंग हिला माहेरला कावून धाडली न्हाईस? काय झाकायचं व्हतं?"

रामेश्वरने रक्तदाबाचं पुन्हा सांगितलं. थापा मारताना अख्खं गाव त्याचं ऐकायचं. आज खरं बोलत होता, तर आईच ऐकेना. त्याला आईचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा.

रुक्मिणीबाईंनी देव्हाऱ्यातलं बेलपानं आणि हळदीचं ताट पुढे सरकवलं. "बेलभंडार उचल. घे आण. मंगच सुंदर नाव ठिवील. न्हाई तं आत्याशिवाय बारसं करा."

रामेश्वरने हात पुढे केला. एका शपथेने सगळं मिटत असेल तर त्याची ना नव्हती. पण मनिषाने त्याचं मनगट धरलं.

"उचलू नगा."

"अगं, पण..."

"आज तुमी आण घेतली, तं उंद्या शाळंत, परवा ह्याच्या लग्नात कुनीबी ताट पुढं करंल." ती सासूकडे वळली. "आत्याबाई, माझं लेकरू आण घेऊन जगनार न्हाई."

तिने सासूच्या मांडीवरून बाळ उचललं. रुक्मिणीबाईंनी धरूनही ठेवलं नाही आणि हातात दिलंही नाही. सुंदरबाई आईकडे बघत बसून राहिली.

मनिषा अंगणात आली. बाळाला पाळण्यात निजवून खाली वाकली आणि आत्याने सांगायचं नाव तिने स्वतःच त्याच्या कानात सांगितलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाळणा म्हणायला कुणीच सुरुवात करेना. मग तीच म्हणू लागली.

रामेश्वर बाहेर आला. बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष, तोही माकडघरातला, म्हणून कुणी तरी फिसकन हसलं. मनिषाशेजारी उभं राहून त्याने पाळण्याची दोरी हातात घेतली.