चौथा कॅमेरा

शिवांजलीने पर्समधून ब्लेड काढले आणि विश्रामबागेतल्या कॅमेऱ्यांच्या दुकानाच्या काउंटरवर, मालकाच्या डोळ्यांदेखत, ‘शंभर टक्के तांबे’ असा छाप असलेल्या केबलचे टोक सोलून तारेच्या अंगावरून पाते हळूच ओढले. लालसर झळाळीखाली पांढुरकी रेघ उमटली.

“ॲल्युमिनियम आहे,” ती म्हणाली. “वरून तांब्याचा नुसता मुलामा.”

“ताई, सगळे हीच नेतात.”

“नेत असतील. पण ह्याच तारेतनं कॅमेऱ्याला वीज जाणार. विहिरीच्या वाटेवर पोचेपर्यंत हिचा दम निघतो. खरं तांब्याचं दाखवा.”

मालकाने आत जाऊन दुसरे बंडल आणले. तिच्या मागे तिचे सासरे हंबीरराव, घरातले आप्पा, उभे होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ दुकानातही पाय जुळवून उभा राहत असे. महिन्यापूर्वी त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरांनी कापून नेली होती, तीही तांब्यासाठीच. चोरांना तांबे ओळखता येते, हे गावात सर्वांना मान्य होते; सुनेलाही ते ओळखता येते, ही बातमी नवी होती.

“काका, आठ कॅमेऱ्यांचा संच गावतोय की एवढ्याच पैशात,” त्यांचा पुतण्या दादासो म्हणाला. कराडच्या पुढच्या त्यांच्या गावाहून गाडी चालवत तोच त्यांना घेऊन आला होता. “आठ डोळं! आन वयनीचं आपलं चारच.”

“आठ आंधळ्यांपेक्षा चार डोळस बरे की, भाऊजी.”

मालकाला हसू आवरले नाही. हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. “आमची सून इंजिनेर हाय,” त्यांनी मालकाला सांगितले आणि मग, कौतुकाच्या भरात माणूस बोलतो तसे, तिला म्हणाले, “आपल्या घराचं काम नीट झालं, की डेरीचं काम बी तूच करायचं. चेअरमन परवाच इचारत हुता. मी सांगतो त्याला.”

गावच्या दूध डेअरीची तीन संकलन केंद्रे होती आणि तिन्हींवर कॅमेरे बसायचे होते. शिवांजलीने मनातल्या मनात तिन्हींच्या केबलीचे मीटर मोजायला घेतले. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा तिने याच विश्रामबागेत, मामाच्या घरी राहून, पहिल्या वर्गात पूर्ण केला होता. लग्नाच्या परिचयपत्रात तो उंची आणि कुळी यांच्या मधल्या ओळीत छापला गेला. त्यानंतरच्या सहा वर्षांत मिक्सरचा फ्यूज बदलणे एवढ्यापुरतीच त्याची गरज पडली. विद्येला आपल्याकडे देवता मानतात, आणि देवतेला देव्हाऱ्यातून बाहेर पडायची परवानगी क्वचितच मिळते.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर खोकी मांडीवर घेऊन बसली, जणू बारशाहून बाळ घेऊन निघाली होती. घराचा नकाशा तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला होता. पहिला कॅमेरा फाटकावर, अरुंद नजरेचा, म्हणजे गाडीचा नंबर वाचता येईल. दुसरा गोठ्यात, रुंद नजरेचा, म्हणजे कोपरा सुटणार नाही. तिसरा ट्रॅक्टरच्या शेडला. चौथा विहिरीच्या वाटेवर, जिथून चोर आले होते. एकाच केबलीतून वीज जाणार आणि चित्रही येणार, त्यामुळे प्रत्येक खांबावर प्लग शोधत फिरायला नको. लाइट गेली तरी चालू राहावे म्हणून रेकॉर्डरला आणि राउटरला मिळून एक बॅटरी. आणि कारखान्यातून येणारा पासवर्ड पहिल्याच मिनिटाला बदलायचा. बहुतेक लोक तो बदलत नाहीत आणि मग त्यांचे अंगण सगळ्या जगाला दिसते. हे सगळे ती दादासोच्या डोक्यामागे बसून मोठ्याने सांगत होती, आणि आपण मोठ्याने बोलतो आहोत हे तिच्या लक्षातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावचा वायरमन गुंडा शिडी घेऊन आला. शिडीवर त्यानेच चढायचे होते, कारण सासरे सोप्यात बसलेले असताना सुनेने त्यांच्या डोक्यापेक्षा उंच जाणे त्या घरात बसत नव्हते. शिवांजली खालून केबलीच्या टोकातल्या आठ तारांचे रंग क्रमाने सांगत होती: “पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.”

“वयनी, निळा आन हिरवा तर शेजारीशेजारीच हायत की. थोडं हिकडंतिकडं झालं तर काय हुतंय?”

“मग म्हशीच्या जागी तुझं तोंड दिसंल.”

तिसरे टोक वाया गेले तेव्हा सोप्यातून खाकरण्याचा आवाज आला. हंबीरराव उठले. “मी जरा जनावरास्नी पानी पाजून येतो,” ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. पाणी तासापूर्वीच पाजून झाले होते. ते कोपऱ्यापलीकडे गेले, तशी शिवांजलीने पदर खोचला आणि ती शिडीवर चढली. वीस मिनिटांत तिने तीन टोके जोडली.

टीव्हीवर चित्र उमटले तेव्हा घरात जत्रा भरली. फाटक आणि शेड तर दिसत होतीच, पण गोठ्यातली म्हैस इतकी स्वच्छ दिसत होती की तिच्या पापणीवरच्या माश्या मोजाव्यात. गुंडाने उगाचच फाटकाबाहेर जाऊन आपला मोबाइल नंबर कागदावर लिहून धरला, आणि तोही वाचता आला. सासू रंगूबाईंनी मात्र टीव्हीपुढे येताच डोक्यावर पदर ओढला.

“आत्या, टीव्ही आपल्याला बघत नाही. आपण त्याला बघतोय.”

“कुनाला ठावं बाई,” रंगूबाई म्हणाल्या. “डोळा म्हनलं की पदर आला.”

सगळे हसले. शिवांजली सर्वांत जास्त हसली. उद्या चेअरमनला हेच चित्र दाखवायचे, एवढेच तिच्या मनात होते.

तेवढ्यात दादासोने फोन पुढे केला. पलीकडे ऋषिराज होता, शिवांजलीचा नवरा, उत्तरेकडच्या एका छावणीतून. त्याने टीव्ही पाहिला आणि दादही दिली. मग म्हणाला, “चौथा परसदारी लाव. आत तोंड करून.”

“परसदारी? चोर तर विहिरीकडनं आले होते.”

“विहिरीवर चोर वर्षातनं एकदा येतोय. परसदारी रोज काय चालतंय ते दिसायला पायजे. दादासो सांगत हुता, तू तितं तास-तासभर फोनवर हसत बसतीस.”

शिवांजली परसदारी बसून फोनवर हसत असे हे खरे होते. पलीकडे तिची पॉलिटेक्निकची मैत्रीण असे, आणि घरात तेवढी एकच जागा होती जिथे पुरुष येत नसत.

“आन चित्र माझ्या, दादासोच्या आन आप्पांच्या फोनवर राहू दे. तुझ्या फोनवर कशाला? तू घरातच हाइस की.”

फोन बंद झाला. हंबीररावांनी घसा साफ केला. “पोरगं लांब असतंय. त्याचं समाधान झालं पायजे. एवढं कर, मग डेरीचं बोलू.”

किंमत आता सर्वांसमोर मांडली गेली होती. राजनीतीच्या जुन्या पोथ्यांत हेरांवर हेर नेमावेत असे सांगितले आहे. पण जिच्यावर पहारा ठेवायचा तिच्याच हातून चौकी बांधून घ्यावी, ही युक्ती त्या पोथ्या लिहिणाऱ्यांनाही सुचली नव्हती. ती सुचायला घरंदाजपणा लागतो.

शिवांजली चौथा कॅमेरा घेऊन मागे गेली. रंगूबाई नुकत्याच रानातून आल्या होत्या आणि बंबातले कढत पाणी बादलीत काढत होत्या. परसदाराच्या टोकाला न्हाणी होती: तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा, आणि तो पडदा बरोबर मागच्या दाराच्या समोर. घरातल्या पुरुषांसाठी पुढच्या अंगाला फरशीचे न्हाणीघर होते. चाळीस वर्षांत त्यांतले कोणी या बाजूला फिरकले नव्हते. म्हणून आपण कशाकडे डोळा लावायला सांगतो आहोत, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते. दुष्टपणापेक्षा हे अज्ञान भयंकर होते, कारण ते अगदी निरागस होते.

“आत्या,” शिवांजली हळू आवाजात म्हणाली, “हा इथं लावायला सांगितलाय. इथनं पडदा दिसणार. चित्र तिघांच्या फोनवर जाणार. मी नाही म्हटलं तर डेरीचं काम गेलं.”

रंगूबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिले, मग सुनेकडे.

“लाव,” त्या म्हणाल्या.

“आत्या?”

“लाव म्हनती न्हवं. आन आत जाऊन त्यास्नी दाखव. मी हाय हितं.”

पाचच मिनिटांत शिडीवर चढून तिने केबल जोडली. शिवांजली सोप्यात आली आणि तिने चौथे चित्र मोठे केले. रुंद नजरेच्या त्या भिंगात सगळे मावले होते: दोरीवर वाळणारी बायकांची लुगडी आणि पोलकी, धुणे धुवायचा दगड, गोणपाटाचा पडदा. आणि चित्राच्या मधोमध रंगूबाई. डोक्यावर पदर नव्हता. त्यांनी अंबाड्याची पिन काढली, पांढरे केस पाठीवर सोडले, वाफाळती बादली पडद्याशी ठेवली आणि पडद्याला हात घातला. मग त्या वळल्या आणि भिंगात पाहत उभ्या राहिल्या.

गुंडा सर्वांत आधी उठला आणि चपला शोधायला लागला. दादासोने मान खाली घातली.

“बंद कर ते,” हंबीरराव म्हणाले. मग एकदम ओरडले, “बंद कर म्हनतो न्हवं!” आणि कोणी हलायच्या आत त्यांनी स्वतःच प्लग ओढून काढला.

काळ्या टीव्हीसमोरून ते वळले. त्यांचे कान लाल झाले होते.

“इहिरीवर लाव तो,” ते म्हणाले. “ऋषिराजला मी सांगतो.” आणि दाराबाहेर पडता पडता, पाठमोरेच, “डेरीचं राहू दे. चेअरमन बघंल दुसरं कोन तरी.”

“बरं,” शिवांजली म्हणाली.

हा निकाल तिने शिडीवर असतानाच वाचला होता. ज्या घरात पुरुषाची मान खाली जाते, तिथे दंड बाईला होतो, हे शास्त्र तिला डिप्लोम्याच्या आधीपासून पाठ होते.

ती परसदारी गेली. आतला टीव्ही बंद झालेला रंगूबाईंना कळला नव्हता. त्या तशाच उभ्या होत्या, पडद्यावर हात, मोकळे केस, नजर वर. बादलीतली वाफ आता विरळ झाली होती.

“झालं, आत्या. बंद केलं त्यांनी.”

“व्हय?” रंगूबाईंनी हात खाली घेतला. “आन तुझं काम?”

शिवांजलीने नकारार्थी मान हलवली. रंगूबाई बादली उचलून न्हाणीत गेल्या आणि पडदा पडला. शिवांजलीने शिडी लावली, कॅमेरा उतरवला, खोक्यात ठेवला आणि केबलीची वेटोळी करू लागली. पडद्यामागून तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“शिवांजली.”

“काय, आत्या?”

“जरा पाठ चोळतीस का गं? माझा हात पोचत न्हाई आता.”

सहा वर्षांत त्यांनी असे कधी म्हटले नव्हते. शिवांजलीने केबल खाली ठेवली, हात पदराला पुसले, आणि पडदा बाजूला करून ती आत गेली.