उकळलेली नळी

सहा वर्षांत मी प्रयोगशाळेतलं पडेल ते काम केलं. पेशी वाढवल्या, प्रथिन काढलं, फ्रीजमधला बर्फ खरवडला, ताईंच्या मुलीची गणितंसुद्धा सोडवून दिली. एकच काम ताईंनी कधी माझ्या हाती दिलं नाही. नळी उकळायचं.

"तू घाईची. ते मी बघते," त्या म्हणायच्या. ताई म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईड. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत, ताई म्हणायची मुभा फक्त मला. त्या मुभेवर मी किती मिरवले ते आठवलं की आता स्वतःचाच राग येतो.

आमचा विषय हीट शॉक प्रोटीन. पेशीला ताप सोसावा लागला की ही प्रथिनं धावून येतात, बाकीच्या प्रथिनांची घडी विस्कटू देत नाहीत. आमचा दावा असा, की पेशी फुटून हेच प्रथिन बाहेर सांडलं, की रोगाशी लढणाऱ्या पेशी त्याच्यामुळे जाग्या होतात. पण मेख होती. हे प्रथिन आम्ही जिवाणूंकडून बनवून घ्यायचो, आणि जिवाणूंचा कणभर गाळ राहिला तरी लढणाऱ्या पेशी खडबडून उठतात. म्हणून एक नळी उकळायची. उकळलं की प्रथिन अंड्यासारखं गोठून निकामी होतं, गाळाला मात्र ढिम्म काही होत नाही. उकळलेलं घालूनही पेशी गप्प राहिल्या, तरच आमचं खरं.

सहा वर्षं पेशी गप्प राहिल्या. पेपर छापून आला तेव्हा ताईंनी माझं नाव पहिलं घातलं. "कष्ट तुझे, मान तुझा." आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून दाखवून तिने ते पहिलं पान मऊ करून टाकलं.

थीसिस द्यायला तीन आठवडे असताना ताई परिषदेला गेल्या. एका आकृतीसाठी प्रयोग पुन्हा करायचा होता, म्हणून नळी मीच उकळली, घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पेशी जाग्या. उकळलेल्याने आणि न उकळलेल्याने, अगदी सारख्या. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे त्यांना उठवत होता तो गाळ, आमचं प्रथिन नव्हे.

मग ताईंच्या कप्प्यातला डबा काढला. 'उकळलेलं' अशी त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी प्रत्येक नळीवर. प्रथिन असलं की निळा होणारा रंग आमच्याकडे असतो, उकळलेल्या प्रथिनानेही तो निळा होतो. प्रत्येक नळीतला थेंब त्यात टाकला. एकही निळा झाला नाही. सगळ्या नळ्यांत नुसतं पाणी होतं.

ताई परतल्या त्या सकाळी मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उठून दार लावलं.

"बस."

"नको. कधीपासून?"

"पहिल्या वर्षी उकळून पाहिलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू खचली असतीस."

"म्हणून पाणी?"

"थीसिस देऊन टाक, पदवी घे, मोकळी हो." त्या चष्मा पुसत राहिल्या. "आणि बोंब मारायचीच असेल तर आधी विचार कर. प्रयोगवहीत अक्षर तुझं. पेपरवर पहिलं नाव तुझं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मला मान दिला नव्हता, पुढे उभं केलं होतं. मी ढसाढसा रडले, आणि तेही त्यांच्यासमोरच, याचा संताप अजून जात नाही.

दुपारी पेपर छापणाऱ्या मासिकाला पत्र पाठवलं, नळ्यांच्या फोटोंसकट. पेपर मागे घ्यावा. पदवीचं आता काही खरं नाही हे पाठवतानाच माहीत होतं.

घरी जाऊन आईकडे पेपरचा तो कागद मागितला.

"का गं, कुणाला दाखवायचाय?"

"नाही. त्यातलं चुकलंय."

तिने चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. "काहीतरीच," ती म्हणाली. "तुझं नाव तर बरोबर आहे."